पोलोग्राउंडच्या चार खुंट्या

एप्रिल महिना, दुपारचे दोन. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याच्या मागच्या अंगणात तुम्ही उकिडवे बसला आहात. पत्र्याच्या शेडची सावली जेमतेम हातभर. समोर अर्थिंगचा खड्डा. त्याचं बिडाचं झाकण वायरमनकाकांनी पहारीने उचकटून बाजूला सारलंय. आत विटांची चौकट, मधोमध जस्ताचा हात दिलेला पाइप, पाइपच्या तोंडात फनेल आणि भोवती थरावर थर: कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. वरचा कोळसा पार सुकलाय. बोट लावलं तर कोरडी काळी पूड हाताला लागते.

"काका, मीठ कशाला घालतात हो?"

"कोरडी माती वीज नेत नाही. ओली नेते. खारी ओल त्याहून जास्त नेते. उन्हाळ्यात पाणी घालायला विसरलं, की हा खड्डा नुसता नावाला उरतो."

इंदूरची वीज ज्या आवारातून सांभाळली जाते, ते वीज कंपनीचं जीपीएच कंपाउंड इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या रोहित्राची एकसुरी घरघर तुमच्या कानात सकाळपासून बसली आहे. वसाहतीच्या नावात मात्र अजून घोडे आहेत. ते ऐकायला थोडं थांबावं लागेल.

काकांना नव्या खड्ड्यासाठी जागा बघायची आहे. त्यासाठी ते चार लोखंडी खुंट्या काढतात आणि एका सरळ रेषेत, एकेक मीटरवर ठोकतात. पोऱ्या प्रत्येक खुंटीच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओततो. चारही खुंट्यांच्या तारा काकांच्या मांडीवरच्या पेटीला येतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज जमिनीत जाते आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती दाब उरला, ते पेटी मोजते. बटण दाबलं, आकडा आला: 1.1 ओहम. त्याला दोन पाय आणि खुंट्यांमधलं अंतर यांनी गुणायचं. सात ओहम-मीटरच्या जवळपास. ही माळव्याची काळी माती. चिकट, ओल धरणारी, वीज सहज जाऊ देणारी.

"आता लांब ठोकू. खुंट्या जितक्या लांब, तितकी वीज खोल उतरते," काका म्हणतात.

सहा मीटरवर ठोकल्यावर आकडा येतो 1.2 ओहम, म्हणजे पंचेचाळीस ओहम-मीटर. मातीखाली मुरूम लागला आणि त्याच्याही खालचा काळा दगड डोकं वर काढू लागला. कोणी जमीन उकरली नाही, तरी ती काय आहे ते कळलं. फ्रँक वेनर नावाच्या अमेरिकी माणसाने ही रीत 1915 च्या सुमारास लिहून ठेवली. त्याच्या थोडं आधी, 1912 मध्ये, फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जर जमिनीत वीज सोडून खालच्या दगडांचे नकाशे काढू लागला होता. आपल्याकडे बोअर मारण्याआधी नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यासोबत आता जो 'मशीनवाला' बोलावतात, त्याच्या पेटीत हीच युक्ती आहे.

खड्ड्याकडे पुन्हा एकदा बघा. तडकलेली माती, ओल आणि मीठ. काकांनी तीन गोष्टी मुद्दाम एकत्र आणल्या, कारण वीज तिथून जायला हवी होती. पृथ्वीच्या पोटात या तिघी आपसूक एकत्र येतात त्या जागेला भ्रंश म्हणतात. दगड भरडला जातो, भेगांत पाणी शिरतं, ते पाणी हजारो वर्षं दगडातले क्षार विरघळवत खारावतं. भोवतालचा अभंग खडक हजारो ओहम-मीटरचा, आणि मधूनच काही दहांवर उतरलेला एक पट्टा. भूकंपाची जागा विजेने शोधता येते ती या फरकावर.

"अजून लांब," तुम्ही म्हणता. काका खुंटी उचलतात. कारखान्याची भिंत आड येते, पण तुम्ही चालत राहता आणि भिंत तिथे नसते.

*

रोहित्राची घरघर थांबली आहे, हे आधी जाणवतं. मग गारवा. पायाखाली दवाने भिजलेलं गवत, समोर मोकळं मैदान, पलीकडे झाडांची काळी रेघ. हवेत घोड्यांच्या लिदीचा आणि ओल्या चामड्याचा वास. 14 मार्च 1938, सोमवार. होळी दोन दिवसांवर आली आहे. रंगपंचमीच्या गेरीची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, तयारी चालू असेल. गादीवर दुसरे यशवंतराव होळकर आहेत आणि त्यांचा माणिकबाग राजवाडा, युरोपातल्या नव्या धाटणीचा, अजून नवाकोरा आहे.

सव्वासहा होतायत. पूर्व नुकती फिकी झाली आहे. तुमच्या डाव्या हाताला एक मोतद्दार घोड्याला खरारा करतोय. घोडा कान टवकारतो. मोतद्दार थांबतो. तुमच्या तळव्यांना काहीतरी बारीक, खडखडीत लागतं, जणू लांबच्या रस्त्यावरून कोणी बैलगाड्यांची रांग हाकतंय. गाड्या कुठेच दिसत नाहीत. घोडा मागच्या पायांवर होतो.

ही पहिली लाट. ती दगडाला दाबत-सोडत येते आणि घाईत असते. तुम्ही मनात मोजत राहता: पाच, दहा, पंधरा. मग दुसरी लाट पोचते आणि मैदान आडवं हलतं. उभं राहताना तोल सावरावा लागतो. पागेतली साखळी खणखणत राहते. वाड्यांच्या दिशेने एकदम माणसांचा गलका उठतो आणि गावातली कुत्री भुंकू लागतात.

दोन लाटांमधल्या त्या पंधरा-वीस सेकंदांत अंतर लपलेलं आहे. धक्का इथला नाही. इंदूरच्या दक्षिणेला, विंध्याची कड उतरून, नर्मदा ओलांडून, सातपुड्याच्या पोटात सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर काहीतरी सरकलंय. नंतर हिशेब झाला तेव्हा तीव्रता सव्वासहाच्या घरात भरली आणि खोली सुमारे 40 किलोमीटर निघाली. या शेवटच्या आकड्यापाशी मला तुम्हाला थांबवायचं आहे. किल्लारी, कोयना हे भूकंप उथळ होते. चाळीस किलोमीटरवर भूकवच संपत आलेलं असतं. तिथला दगड इतका तापलेला असतो, की तो तुटण्याऐवजी वाकायला हवा. मग तो तुटला कसा? आणि कुठल्या रेषेवर?

मोतद्दार घोड्याच्या मानेला हात लावून काहीतरी पुटपुटतो आहे. "देवाने पाठ बदलली," एवढंच तुम्हाला ऐकू येतं. थोड्या वेळाने गिरणीचा भोंगा वाजतो आणि गाव कामाला लागतं.

इंदूरच्या मराठी घरांतून एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो: आपल्याकडे भूकंप व्हायचा नाही, खाली काळा पाषाण आहे. राजवाडा त्यावर उभा, छत्र्या त्यावर उभ्या, महेश्वरचा घाट त्याच दगडाचा. ज्या पिढीने 1938 ची सकाळ पाहिली, तिच्या नातवंडांनाही हेच सांगितलं गेलं. मराठवाड्यातही हेच सांगत असत. त्या वाक्यात काय चुकलं, ते बघायला आता दगडाच्या आत जायला हवं.

*

खुंटी पुढे न्या. शे-दोनशे मीटर.

तापलेल्या लोखंडाचा वास येतो. आभाळ तांबूस-करडं. तुमच्या पायांशी लाव्हा सांडतोय, पण त्याला घाई नाही. वरून काळी साय धरते, ती फुगते, फाटते, आणि फाटीतून केशरी जीभ बाहेर येऊन पुन्हा काळवंडते. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची ही माळव्यातली दुपार आहे. एक थर निवतो. त्यावर पाऊस पडतो, दगड कुजतो, तांबडी माती होते. मग पुढचा थर येतो आणि त्या मातीला भाजून काढतो. घाटात कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये जी गेरूच्या रंगाची पट्टी दिसते, ती हीच. वीज त्या पट्टीत अडखळत नाही. एकसंध काळ्या दगडाशी मात्र ती झगडते. पेटीतले आकडे शेकड्यांत जातात, मधेच खाली येतात, पुन्हा चढतात. थरांची चळत विजेला अशी पानापानाने वाचता येते.

पश्चिम भारताचा पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या लाव्ह्याखाली गेला. त्याआधी तिथे जे काही होतं, नद्यांची पात्रं, टेकड्या, जुन्या भेगा, ते सगळं एका काळ्या घोंगडीखाली झाकलं गेलं. आपण भक्कम म्हणून ज्या दगडाची ग्वाही देतो, तो वरचं पांघरूण आहे. खालची खाट कशी आहे, हे पांघरूण सांगत नाही.

आणखी खाली, आणखी मागे. नऊ-दहा कोटी वर्षं. आता पायांना खारं पाणी लागतंय. इंदूरच्या पश्चिमेला, आजच्या धार जिल्ह्यात बाघ आहे. तिथल्या चुनखडीत समुद्रातल्या शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. समुद्र तेव्हा पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याला शिरायला वाट मिळाली, कारण खोरं खचलेलं होतं. ते खचलं, कारण दोन्ही बाजूंना भ्रंश होते. आणि ते भ्रंश समुद्राहूनही कितीतरी जुने होते. सोन नदीपासून गुजरातपर्यंत भारताच्या कमरेवरून जाणारा हा पट्टा पृथ्वीने पुन:पुन्हा वापरला आहे, कधी ताणून, कधी दाबून. सध्या दाबायची पाळी आहे. भारत उत्तरेला हिमालयावर रेटतोय आणि त्या रेट्याचा काही भाग इथे, जुन्या जखमेवर येतो.

जाम घाटात अहिल्याबाईंच्या काळचा दरवाजा आहे. त्याच्या गच्चीवरून दक्षिणेला पाहिलं की माळवा एकदम तुटतो आणि खाली निमाड पसरतो. मी तिथे कितीदा उभा राहिलोय. नुसता देखावा म्हणून पाहत होतो तोवर तो सुंदर होता. ती कड का तुटली आहे हे कळल्यापासून तिथे बोलावंसं वाटत नाही.

*

आता अडचण येते. चाळीस किलोमीटर खोल बघायचं, तर खुंट्या पोलोग्राउंडापासून खंडव्याच्याही पलीकडे ठोकाव्या लागतील. तेवढ्या तारा कोण ओढणार? आणि तेवढी वीज जमिनीत कोण सोडणार?

सोडणारा आहे. त्याला भेटायला मुंबईला चला. 2 सप्टेंबर 1859, कुलाबा वेधशाळा. अंधाऱ्या खोलीत रेशमी धाग्याला टांगलेला चुंबक आणि त्याच्याकडे दुर्बिणीतून पाहणारा निरीक्षक. चुंबक शांत नाही. तो असा काही भरकटतोय, की निरीक्षक दोनदा डोळे चोळतो. सूर्यावरून सुटलेलं वादळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळलं आहे. कुलाब्याची ती नोंद जगभर आजही काढून पाहतात. त्याच वादळात अमेरिकेत तारायंत्रवाल्यांनी बॅटऱ्या सोडून दिल्या आणि जमिनीतून, तारांतून आपोआप वाहणाऱ्या विजेवर संदेश पाठवले.

वादळ मोठं होतं म्हणून दिसलं. पण असं काही ना काही रोज चालू असतं. सूर्याकडून येणारा वारा, जगात कुठे ना कुठे कडाडणाऱ्या विजा, यांनी चुंबकीय क्षेत्र सतत थरथरतं, आणि त्या थरथरीने जमिनीत वीज जागी होते. झरझर थरथरणारी कंपनं वरच्या थरातच विरतात. संथ, दहा सेकंदांना, शंभर सेकंदांना एक झुलणारी कंपनं खोलवर पोचतात. शंभर ओहम-मीटरच्या दगडात एका सेकंदाचं कंपन पाच किलोमीटर उतरतं, शंभर सेकंदांचं पन्नास किलोमीटर. खुंट्या लांब ठोकायची गरज उरत नाही. फक्त जास्त वेळ कान देऊन बसायचं. रशियात तिखोनोव्ह यांनी 1950 मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी 1953 मध्ये याचं गणित मांडलं. या रीतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात.

कान देऊन बसायचं, तर आवाज नको. मुंबईला हे फार लवकर कळलं. शहरात विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा नानाभाई मूस यांच्या वेधशाळेचे चुंबक खाडीपार अलिबागला हलवले गेले. 1904 पासून तिथे मोजणी चालू आहे. ट्रामच्या तारा आल्यावर कुलाब्याला सूर्य ऐकू आला नसता.

आणि म्हणून आपलं पोलोग्राउंड या कामाला निरुपयोगी आहे, हे मला वाईट वाटून सांगावं लागतंय. तारा, रोहित्रं, वेल्डिंग, लेथ, जमिनीत शेकडो अर्थिंगचे खड्डे. इथे वीज इतकी आहे की पृथ्वीची वीज ऐकूच येत नाही. ती ऐकायला इथल्या तारा जिथे विरळ होतात, तिथे जावं लागतं.

*

त्याआधी एका ठिकाणी थांबावंच लागेल. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी. रात्री गणपती बोळवून लोक झोपले आहेत. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद, माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. मी तुम्हाला त्या क्षणी तिथे उभं करणार नाही. जवळपास दहा हजार माणसं गेली.

ज्या नकाशात देशाचे भूकंपाचे पट्टे दाखवतात, त्यात किल्लारी तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक पट्ट्यात होती. समजही तोच: खाली काळा पाषाण. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे छोटे धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. लोकांनी ते सांगितलंही होतं.

काही महिन्यांनंतर या. त्याच शिवारात, पडक्या घरांच्या पलीकडे, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची माणसं खड्डे खणताहेत. एका बाजूला 617 मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. काळा पाषाण 338 मीटरवरच संपला. त्याच्या खाली थोडा गाळ, आणि मग जुना ग्रॅनाइटी खडक. एवढी मोठी ग्वाही आणि जाडी एवढीच. बाकीचं मॅग्नेटोटेल्युरिकने सांगितलं. वरचा खडक विजेला जोरदार विरोध करणारा, आणि भूकंप जिथे सुरू झाला त्या भागाच्या खाली विजेला वाट देणारा थर. त्या अभ्यासकांनी त्याचा अर्थ लावला: तिथे पाणी आहे. दाबाखालचं खारं पाणी भेगांत शिरलं, की दगडांची एकमेकांवरची पकड सुटते.

अर्थिंगच्या खड्ड्यातला सुकलेला कोळसा-मीठ तुम्ही दुपारी बोटाने चाचपलं होतं, तिथे हेच खारं पाणी कमी पडलं होतं.

*

एदलाबाद, हल्लीचं मुक्ताईनगर. जळगाव जिल्ह्याची शीव, एकविसाव्या शतकाची सुरुवात, हिवाळ्यातली रात्र. केळीच्या बागांच्या मधल्या पडीक तुकड्यात तुम्ही संस्थेच्या माणसांबरोबर आहात. इथून उत्तरेला खंडव्यापर्यंत, तापी ओलांडून, सातपुडा चढून-उतरून, टप्प्याटप्प्याने अशीच मोजणी व्हायची आहे.

दिवसभराचं काम हातांवर दिसतंय. शंभरेक मीटरच्या फुलीच्या टोकांना खड्डे खणले. साधी लोखंडी खुंटी इथे चालत नाही, कारण तिचा स्वत:चाच दाब मोजणीत मिसळतो. क्षाराच्या द्रावणात बसवलेली खास भांडी लागतात. ती पुरून वर ओला चिखल थापला. मग चुंबकीय चढउतार पकडणाऱ्या हातभर लांब नळ्या, आतून गुंडाळीच्या. एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, एक उभी. होकायंत्राने दिशा, पाणसळीने पातळी, आणि वर माती, कारण वाऱ्याने नळी केसभर हलली तरी रात्र वाया जाते. तारा जमिनीला चिकटवून त्यांवर जागोजागी ढेकळं ठेवली. उंदरांचं काही करता येत नाही.

शेतमालक दुपारपासून बसून होता. त्याचा प्रश्न एकच.

"पाणी किती फुटावर लागंल, साहेब?"

साहेब सांगतात, की आम्ही वीस-तीस किलोमीटरवरचं बघतोय. तो क्षणभर विचार करतो. "मग ते आमच्या काय कामाचं?"

हा प्रश्न रागाचा नाही आणि मूर्खपणाचा तर मुळीच नाही. त्याच्या विहिरीचं पाणी आणि भ्रंशातलं पाणी एकाच नियमाने दिसतं, फक्त एक त्याला लागतं आणि दुसरं आपल्याला भिववतं. साहेबांनी त्याला कागदावर रेघ काढून दाखवली, बऱ्हाणपूर कुठे, खंडवा कुठे, 1938 कुठे. त्याच्या आज्याने सांगितलेली एक गोष्ट त्याला आठवली: मांडणीवरची भांडी पडली होती, होळीच्या तोंडावर.

रात्री अकरापर्यंत पडद्यावर सगळं गिचमिड आहे. पंप चालू आहेत, पन्नास हर्ट्झचा जाड काटेरी पट्टा प्रत्येक रेघेवर स्वार झालाय. मग लाइट जाते. बागेतला शेवटचा दिवा विझतो, पंपांचा हुंकार उतरत उतरत थांबतो. पडद्याकडे बघा. रेघा जणू श्वास सोडतात. काटे गळून पडतात आणि त्यांच्याखालून लांब, सावकाश लाटा वर येतात. वीस सेकंदांची एक, चाळीसची एक. चुंबकाची रेघ हलते आणि तिच्या पाठोपाठ विजेची. सूर्याने काहीतरी म्हटलंय आणि सातपुड्याने उत्तर दिलंय. कोणी बोलत नाही. सगळे गावकरी लाइट यायची वाट बघतायत आणि या एका शेतात चार माणसं मनातल्या मनात म्हणतायत, अजून थोडा वेळ नको येऊस.

या पट्ट्यातल्या मोजणीचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या पाषाणाखाली कठीण, विजेला अडवणारं कवच, आणि त्यात खोलवर विजेला वाट देणारे भाग. अभ्यासकांनी ते जुन्या भ्रंशांशी आणि त्यांतल्या द्रवांशी जोडले. घोंगडीखालच्या खाटेचे पाय दिसू लागले.

पहाटे, चहा घेताना, तुम्ही तो प्रश्न विचारता. सगळेच विचारतात. भ्रंशातलं पाणी हलतं, भेगा उघडतात, म्हणजे भूकंपाआधी दगडाचा विजेला होणारा विरोध, म्हणजेच रोध, बदलत असणार. मग आधी कळत कसं नाही?

हा प्रश्न लोकांनी आयुष्यं घालून तपासला आहे. सोव्हिएत ताजिकिस्तानात धक्क्यांआधी रोध घसरल्याच्या नोंदी झाल्या. चीनने 1966 च्या शिंगताई भूकंपानंतर जमिनीचा रोध मोजणारी केंद्रं देशभर उभी केली. 28 जुलै 1976 ला तांगशान उद्ध्वस्त झालं, दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसं गेली. नंतर जुन्या नोंदी पाहताना रोध घसरत गेल्याचं सांगण्यात आलं. पण तो असाच पावसाने घसरतो, विहिरींच्या उपशाने चढतो. आधी पाहणाऱ्याला ते वेगळं काढता आलं नाही. ग्रीसमध्ये वारोत्सोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून जमिनीतल्या विजेवरून भाकितं केली, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

माझं मत सांगतो. 'कधी' या प्रश्नापायी 'कुठे' या उत्तराची आपण किंमत केली नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला सॅन अँड्रियास भ्रंशावर हीच मोजणी 1990 च्या दशकात झाली आणि भ्रंशाच्या पोटात विजेला वाट देणारी पाचर दिसली. तिथे ती रेष शाळेतल्या मुलालाही नकाशावर दाखवता येते. किल्लारीत 1993 च्या आधी 'कुठे' कोणाला ठाऊक असतं, तर तारीख कळली नसती. पण माळवदावरची माती उतरवता आली असती, भिंतींत लांब दगड घालून दोन्ही अंगं सांधता आली असती. त्यासाठी तारीख लागत नाही.

*

22 मे 1997, पहाटे चार एकवीस. जबलपूर हलतं. नर्मदेचाच पट्टा, पुन्हा पस्तीस-चाळीस किलोमीटर खोल. 1938 च्या त्या चमत्कारिक खोलीला साठ वर्षांनी जोड मिळाली. 11 डिसेंबर 1967 ला कोयना हलली तेव्हाही घड्याळात चार एकवीसच वाजले होते. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

2017 चा जून, गोठणे, कोयनेच्या धरणाजवळ सह्याद्रीच्या रानात. पाऊस तोंडावर आलाय. ड्रिलिंगचा मनोरा गरगरतोय आणि पाइपमागून पाइप खाली जातायत. आजवर वरून कान देऊन जे ऐकलं, ते इथे प्रत्यक्ष हात घालून पाहायचं ठरलंय. काळा पाषाण साडेबाराशे मीटरच्या आसपास संपला. त्याखाली ग्रॅनाइटी खडक. भोक तीन किलोमीटरवर पोचलं. वर आलेला दगडाचा चुरा तुमच्या तळहातावर ठेवतात. फिकट, खरखरीत, तांदळाच्या कण्यांसारखा. लाव्ह्याच्या खालचा, कुठल्याही माणसाने न पाहिलेला दगड. तुम्ही मूठ मिटता.

*

मूठ उघडता तेव्हा तिच्यात कोळशाची पूड आहे. पत्र्याची सावली दोन हात लांबली आहे. रोहित्र घरघरतंय. काकांनी चारही खुंट्या उपटून पोत्यात भरल्या आहेत. नव्या खड्ड्याची जागा त्यांनी चुन्याने आखली: शेडपासून लांब, टाकीच्या सांडपाण्याची ओल पोचते तिथे.

"भिया, पानी डालूँ?" पोऱ्या विचारतो.

तो जुन्या खड्ड्याच्या फनेलमध्ये बादली रिकामी करतो. पाणी गुडगुडत जातं, कोळसा ते पितो, कडेने बारीक बुडबुडे येतात. काका त्यावर खडेमिठाची एक ओंजळ टाकतात आणि दुसरी बादली मागवतात. थोड्या वेळाने पेटीच्या तारा पुन्हा जोडतात. सकाळी खड्ड्याचा रोध होता 9.4 ओहम. आता 4.1.

खिशातली वही काढून काका तारीख घालतात आणि दोन्ही आकडे लिहितात. वही जुनी आहे. मागची पानं चाळलीत, तर दर वर्षीचा एप्रिल त्यांच्या अक्षरात तिथे आहे. गेल्या वर्षीचा आकडा, त्याच्या आदल्या वर्षीचा, पाऊस उशिरा आला त्या वर्षीचा. शेवटच्या रकान्यात कधी 'पाणी घातले', कधी 'मीठ बदलले'.

"पुढचं कधी, काका?"

"पाऊस पडून गेल्यावर." वही खिशात जाते, आणि दोघं मिळून ते बिडाचं झाकण पुन्हा जागेवर ओढतात.